धुराचा माग काढणारी शिखरं

२० आणि २१ ऑगस्ट १९१०. सोसाट्याचा वारा सुटला आणि अमेरिकेतल्या आयडाहो, मोंटानाच्या डोंगरांत आधीच धुमसणारे वणवे एक झाले. सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. अमेरिकेची वनसेवा तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. तिने एकच धडा घेतला: आग लहान असतानाच गाठायची. त्यासाठी ती आधी दिसायला हवी. मग शिखराशिखरांवर टेहळणीच्या चौक्या उभ्या राहू लागल्या. १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावलं, तेव्हा तर हजारोंनी.

ठरावीक खोली चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद; चारही बाजूंना काचा. लाकूड खाली कापून खेचरांवर लादून वर न्यायचं. मधोमध ऑस्बोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने बनवलेलं यंत्र. गोल तबकडीवर परिसराचा नकाशा, चौकी बरोबर केंद्रात. भोवती अंशांच्या खुणा असलेलं फिरतं कडं. कड्यावर एकीकडे बारीक फट, समोर उभा ताणलेला घोड्याचा केस. फटीतून बघत केस धुरावर आणायचा, अंश वाचायचे आणि फोनवर कळवायचे. दुसऱ्या चौकीनेही तोच धूर टिपला की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग.

यंत्र सोपं, धूर ओळखणं अवघड. सकाळचं धुकं, वाटेवरची धूळ, पावसानंतर दरीतून उठणारी वाफ, सगळंच लांबून धुरासारखं दिसतं. विजांच्या वादळात तर पायांना काचेच्या वाट्या बसवलेल्या स्टुलावर उभं राहून वीज कुठे पडली ते नोंदवायचं.

लेखक जॅक केरुअ‍ॅक १९५६च्या उन्हाळ्यात डेसोलेशन शिखरावर राहिला, म्हणून या चौक्या साहित्यात अमर झाल्या. माझं मत विचाराल तर मान हॅली डॅगेटचा. १९१३मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ जंगलात वनसेवेने नेमलेली ही पहिली स्त्री पहारेकरी. ती एकांताच्या शोधात गेली नव्हती. नोकरीला गेली होती, आणि वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात परतत राहिली.

पहारा इतका यशस्वी झाला की तोच अंगाशी आला. १९३५पासून नियम होता: दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग पालापाचोळा, झुडपं साफ करत जाई. ती थांबली, जळण साठत गेलं, आणि आताचे वणवे थेट शेंड्यांना भिडतात. दोष पहारेकऱ्यांचा नाही, धोरणाचा. सत्तरच्या दशकात ते बदललं. काही आगी मुद्दाम जळू देतात.

विमानं, कॅमेरे आणि मोबाइल आल्यावर बहुतेक चौक्या ओस पडल्या. तरी न्यू मेक्सिकोतल्या गिला जंगलासारख्या काही ठिकाणी उन्हाळ्यात माणूस बसतोच. इतर काही चौक्या वनसेवा रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने देते. जाणार असाल तर पाणी बरोबर न्या. वर सहसा मिळत नाही.