दवाखान्यात न आलेल्यांचा हिशेब

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात महिन्याला किती बाळंतपणं झाली, किती बाळांना लस टोचली, हे सापडतं. जी बाई घरीच बाळंत झाली, ती त्या रजिस्टरात नसते. जे बाळ तिसऱ्या दिवशी गेलं आणि शेताच्या बांधाला पुरलं गेलं, तेही नसतं. रक्तदाब वाढलाय हे ज्याला ठाऊकच नाही, तो माणूस तपासणीला येत नाही आणि मग रुग्णांतही धरला जात नाही. रजिस्टर कितीही चोख ठेवलं तरी त्यात नोंद होते ती आलेल्याची. न आलेल्याची गाठ घ्यायची, तर त्याच्या घरी जावं लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून हेच काम करत आलं आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ते चालवते मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मिळून १९५६ मध्ये ती उभी केली. महाराष्ट्राला हे वळण त्याआधीच लागलं होतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी केली आणि १९५३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. लोकांच्या दारात जाऊन विचारल्याखेरीज लोकसंख्येचं खरं चित्र दिसत नाही, हे त्या पिढीने ओळखलं होतं.

पहिल्या फेरीत सुमारे ८८ हजार कुटुंबं होती. १९९८-९९, २००५-०६ आणि २०१५-१६ अशा फेऱ्या होत गेल्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ही संख्या ६ लाख ३६ हजारांवर गेली आणि ७०७ जिल्ह्यांचे वेगवेगळे आकडे हाती आले. ७ लाख २४ हजार स्त्रिया आणि १ लाखावर पुरुषांच्या मुलाखती झाल्या. टाळेबंदीने काम मध्येच थांबवलं, तरी एप्रिल २०२१ मध्ये ते पुरं झालं.

एवढा पसारा असला, तरी देशातल्या कुटुंबांच्या मानाने हा नमुना छोटाच. त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत कुणी आणि कुठून उचललं यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सर्वेक्षणात सर्वांत कडक शिस्त आहे ती घरं निवडण्याची.

आधी जनगणनेच्या यादीतून गावं आणि शहरी गट निवडतात. मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी त्या प्रमाणात जास्त. गाव ठरलं, की मुलाखतींच्या आधी एक जोडी येऊन नकाशा काढते आणि घरयादी करते. गावठाण, वाडी, पाडा, मळ्यातली एकटी वस्ती, काहीही सोडायचं नाही. गाव फार मोठं असलं तर त्याचे भाग पाडतात. मग यादीतून ठरावीक अंतराने २२ कुटुंबं निघतात. त्यात सरपंचाचं घर येईल किंवा येणार नाही. दारात उभ्या राहणाऱ्या मुलाखतकाराला या निवडीत हात घालता येत नाही.

समजा, निवडलेल्या घराला कुलूप आहे. शेजारची बाई ओसरीवर बसली आहे, बोलायला तयार आहे, चहासुद्धा विचारते. तरी तिच्या घरी मुलाखत घ्यायची नाही. त्याच घरी पुन्हा जायचं, सकाळी लवकर, नाहीतर दिवेलागणीला, आणि निदान तीन खेपा झाल्याशिवाय ते घर सोडायचं नाही. ही ताठर वाटणारी अट म्हणजे या कामाचा कणा आहे. कुलूपबंद घर बहुधा मजुरीला गेलेल्याचं असतं. दुपारी घरात सापडते ती बाई बहुधा जरा बऱ्या परिस्थितीतली असते. एका घराऐवजी दुसरं चालवून घेतलं, तर पाहणीतून नेमके तेच निसटतील ज्यांच्यासाठी ती सुरू झाली. पाचव्या फेरीत निवडलेल्यांपैकी ९८ टक्के कुटुंबांनी आणि ९७ टक्के स्त्रियांनी माहिती दिली. हा आकडा त्या खेपांनी मिळवलेला आहे.

संमती मिळाली, की आधी घराची माहिती विचारतात. पाणी कुठून आणता, चूल कशावर पेटते, शौचालय आहे का आणि काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं. मग स्त्रीची मुलाखत स्त्रीच घेते. तिच्यातला सगळ्यात जपून करायचा भाग बाळंतपणांचा. थेट ‘मुलं किती’ असं विचारत नाहीत. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती. मग दुसरीकडे राहणारे किती. मग जन्मून पुढे गेलेले. यावर ‘नाही’ आलं, तरी आणखी एकदा हळूच विचारायचं: जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला, पण काही तास किंवा काही दिवसच राहिलं, असं कुणी? बाळ नामकरणाआधी गेलं असेल, तर त्याला कुणी मुलांत धरत नाही. कित्येकदा आईलाही ते बोलून दाखवायचा प्रसंग आलेला नसतो. मग एकेका जन्माचा महिना आणि साल, आणि बाळ गेलं असेल तर किती दिवसांचं किंवा किती महिन्यांचं होऊन गेलं, हे लिहिलं जातं.

देशाचा अर्भकमृत्यूदर या उत्तरांतून निघतो. पहिल्या फेरीत दर हजार जिवंत जन्मांमागे ७९ बाळं वर्षाची होण्याआधी दगावत होती. पाचव्या फेरीत हा आकडा ३५ वर आला. त्याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं २६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेली. आशा सेविकेने पहाटे बोलावलेली रुग्णवाहिका, नर्सताईंनी काढलेल्या रात्रपाळ्या आणि सरकारने घातलेला पैसा यांचं फळ या दोन ओळींत दिसतं.

प्रश्न संपले, की मोजमापं सुरू होतात. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं निजवून मोजतात, मोठं मूल उभं करून. वजन होतं, मोठ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. दुसऱ्या फेरीपासून पाचव्यापर्यंत रक्तातलं हिमोग्लोबिनही मोजलं जात होतं. बोटाला टोचल्यावर पहिले थेंब पुसून टाकायचे आणि नंतरचा थेंब घ्यायचा. बोट पिळायचं नाही, कारण पिळलं की रक्तात अंगातला पाण्यासारखा द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. आकडा तिथल्या तिथे त्या बाईला सांगत. फारच कमी असेल, तर दवाखान्यात जायला सुचवत. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा चार टक्क्यांनी चढलेला होता.

नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न आणखी सांभाळून विचारतात. ते घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचे, आणि तेही ती एकटी असेल तरच. सासू दारात येऊन उभी राहिली, तर विषय बदलायचा. एकांत मिळालाच नाही, तर तो भाग कोरा सोडायचा. माहितीपेक्षा तिची सुरक्षितता मोठी, हे इथे नियमातच लिहिलेलं आहे. तरीही पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याचा अत्याचार सोसल्याचं सांगितलं. पोलीस ठाण्याच्या नोंदींवरून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या समजुती पाहणीने किती बदलाव्यात, याचं एक मोठं उदाहरण २००५-०६ चं आहे. तेव्हा देशात एचआयव्हीबाधितांचा अंदाज होता ५० लाखांच्या वर, आणि तो मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया व गुप्तरोगाच्या रुग्णांच्या तपासण्यांवर बेतलेला होता. तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच घरोघरच्या १ लाखावर लोकांचं रक्त, नाव न जोडता, तपासलं गेलं. प्रमाण निघालं ०.२८ टक्के. हे आणि वाढवलेल्या तपासणी केंद्रांचे निकाल एकत्र धरून २००७ मध्ये राष्ट्रीय अंदाज सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. उलटही घडतं. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पाचव्या फेरीत मात्र देशातली १९ टक्के कुटुंबं शौचालय वापरत नसल्याचं दिसलं. एकदा भीती खोटी ठरली, एकदा समाधान. दोन्ही वेळा मोजणी उपयोगी पडली.

महाराष्ट्राने तर आपलं पान नीट वाचायला हवं. आपल्याकडे दवाखान्यातली बाळंतपणं जवळजवळ ९५ टक्के झाली आणि बाईमागे सरासरी मुलं १.७ वर आली. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांत उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं चौथ्या फेरीत २५.६ टक्के होती आणि पाचव्या फेरीतही २५.६ टक्केच राहिली. देशाचा आकडा १९.३ आहे. म्हणजे भारतातल्या श्रीमंत राज्यांपैकी एकात दर चार मुलांमागे एक मूल कृश आहे, आणि चार वर्षांत त्यात काडीचाही फरक पडला नाही. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बाळंतपण दवाखान्यात झालं, पण आई अजून पोरच होती आणि घरी गेल्यावर बाळाच्या ताटात पुरेसं पडलं नाही, असं या दोन आकड्यांतून वाचता येतं.

वाचताना काळजी मात्र हवी. पाचव्या फेरीत दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया निघाल्या तेव्हा देशात मुलगी नकोशी राहिली नाही, असा बोलबाला झाला. पण पाहणी मोजते ती आदल्या रात्री घरात झोपलेली माणसं. कामाच्या जागी, छावणीत, वसतिगृहात असलेले पुरुष त्यात येत नाहीत. मुलींचं खरं चित्र जन्माच्या वेळच्या प्रमाणात पाहावं लागतं, आणि ते होतं हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. तसंच स्थलांतराचं. दिवाळीनंतर बीडमधली ऊसतोडीची जोडपी फडावर निघून गेली, की गावातलं त्यांचं घर बंद आणि कारखान्याजवळची कोपी कुठल्याच यादीत नाही. अशा माणसांपर्यंत पोचायला पाहणीला वेगळी वाट काढावी लागेल.

दुखणी आणखीही आहेत. पाचव्या फेरीची गावं आणि शहरी गट २०११ च्या जनगणनेवरून निवडलेले होते. एवढ्या वर्षांत गावं शहरांत मिसळली, नव्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि नवी जनगणना आता २०२७ मध्ये व्हायची आहे. बोटातल्या रक्ताने अ‍ॅनिमिया जास्त दिसतो, शिरेतलं रक्त घ्यावं, असा आक्षेप आला आणि २०२३-२४ च्या सहाव्या फेरीतून ती तपासणी काढली गेली. आक्षेपात तथ्य आहे. पद्धत सुधारायलाच हवी. पण वीसहून अधिक वर्षांच्या मालिकेचा धागा तोडून टाकणं म्हणजे सुधारणा नव्हे. दोन्ही पद्धती एका फेरीत शेजारी शेजारी वापरल्या असत्या, तर जुने आकडे नव्याशी जुळवता आले असते. बाहेरही पडझड आहे. नव्वदहून अधिक देशांत अशाच पाहण्यांना हातभार लावणारा अमेरिकी मदतीचा कार्यक्रम २०२५ मध्ये बंद पडला. इतर देशांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, हे कळण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दहा वर्षांचं अंतर पडलं. त्या दहा वर्षांत जन्मलेली मुलं कुपोषित होती की नव्हती, हे कळेपर्यंत त्यांची वाढीची वर्षं निघून गेली होती. म्हणून पाहणी वेळेवर होणं, तिचे निकाल आवडोत न आवडोत ताबडतोब प्रसिद्ध होणं आणि ती करणाऱ्या संस्थेला निर्भयपणे काम करता येणं, या तीन गोष्टींसाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. पाचव्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याचं काही पानांचं पत्रक निघालं असून ते कुणालाही मिळतं. नंदुरबारचं आहे, गडचिरोलीचं आहे, पुण्याचंही आहे. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा विषय निघतो, तसा या पत्रकाचाही निघायला हवा. जिल्हा परिषदेच्या सदस्याला विचारायला हवं, की गेल्या फेरीत आपल्या जिल्ह्यात कृश मुलं किती होती, आता किती आहेत आणि मधल्या काळात तुम्ही काय केलंत. अनोळखी बाईला दारात घेऊन, गेलेल्या बाळाबद्दल बोलून, बोट पुढे करून लाखो स्त्रियांनी ही माहिती दिली. तिच्यावर प्रश्न विचारणं हे आता आपलं काम आहे.