ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा किती?

नोव्हेंबर उजाडला की रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतून धानाने भरलेल्या ट्रॉल्या खरेदी केंद्रांकडे जाऊ लागतात आणि जानेवारीअखेरपर्यंत ही वर्दळ ओसरत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाची व ब्रेकची थोडीबहुत विचारपूस होते. मागे जोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातील हवा उतरली तर ते चालकाच्या हाताला तत्काळ जाणवते. ट्रॉलीला सुकाणू नाही. तिचा टायर फुटेपर्यंत मूक राहतो, आणि तो फुटतो तेव्हा चार-पाच टनांचा भार एका बाजूला कलतो.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते आणि भार चाकाच्या आऱ्या पेलतात. रबरी टायरची गोष्ट निराळी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये जी नव्याने शोधून व्यवहारात आणली, तिचे सार एवढेच की भार मुख्यतः कोंडलेली हवा पेलते. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर त्या हवेला कोंडून ठेवतात. म्हणून ‘या टायरला किती हवा?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘एवढ्या भाराला किती हवा?’ असे विचारले पाहिजे.

एक हिशेब करून पाहू. ४० किलोचा एक याप्रमाणे धानाचे १०० कट्टे म्हणजे ४,००० किलो. चारचाकी ट्रॉलीचे स्वतःचे वजन १,६०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर १,४०० किलो येतात. टायरमध्ये ७० पौंड हवा आहे असे म्हणतात, तेव्हा दर चौरस इंचावर ७० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५ किलो दाब असतो. १,४०० किलो पेलण्यासाठी टायरला जमिनीवर सुमारे २८० चौरस सेंटिमीटर टेकावे लागते. हवा ५० पौंडांवर आली तर दाब साडेतीन किलो होतो आणि टेकण्याची जागा ४०० चौरस सेंटिमीटर लागते. ही जागा टायर आपल्या बाजूच्या भिंती वाकवूनच मिळवतो. (रबराचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्याचा हिशेब येथे सोडून दिला आहे.)

हे वाकणेच घातक आहे. चाकाचा परीघ अडीच मीटर असेल, तर एका किलोमीटरमध्ये भिंतीचा प्रत्येक भाग चारशे वेळा दुमडतो आणि सरळ होतो. तीस किलोमीटरमध्ये बारा हजार वेळा. लोखंडाची तार पुन्हापुन्हा वाकवली की ती जशी तापते, तसे रबर आतून तापते. उष्णतेने थरांची पकड सुटते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा टायर एकाएकी फाटतो. हवा अति झाली तर टायर मधोमध झिजतो, रिकामी ट्रॉली उसळते व खड्ड्याचा धक्का सांध्यांना बसतो. दोन्ही दोषच खरे. परंतु भरल्या ट्रॉलीला कमी हवेचा धोका अधिक मोठा आहे.

उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. सकाळी २५ अंश सेल्सियसला भरलेली ७० पौंड हवा, टायर धावून ६५ अंशांपर्यंत तापला की सुमारे ८१ पौंड भरते. ही वाढ टायर घडवणाऱ्याने गृहीत धरलेली असते. ती पाहून चालकाने हवा सोडून ७० वर आणली, तर टायर थंड झाल्यावर दाबमापक केवळ ६० दाखवील. दुसऱ्या दिवशी तोच टायर अधिक वाकेल व अधिक तापेल. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये.

ऋतूचा परिणाम याच्या उलट दिशेनेही होतो. मे महिन्यात पहाटे ३० अंशांवर भरलेले ७० पौंड डिसेंबरच्या १३ अंशांच्या पहाटे ६५ होतात, तेही एक बुडबुडासुद्धा न गळता. पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉलीतून जी हवा हळूहळू झिरपून जाते, ती वेगळीच. म्हणजे ऐन धानाच्या हंगामात, सर्वांत अधिक भार येतो तेव्हाच, टायर सर्वांत दुबळा असतो.

शेताची अडचण मात्र खरी आहे. टायर जमिनीवर जवळजवळ आपल्या आतील हवेइतकाच दाब देतो. छत्तीसगढच्या काळ्या कन्हार मातीत ओल असताना असे चाक रुतते आणि माती घट्ट दाबली जाते. तेथे कमी हवा बरी. पण तीच ट्रॉली तासाभरात डांबरी रस्त्यावर येते आणि बांधावर पंप नसतो. अशा वेळी हवा रस्त्यासाठी योग्य तेवढीच ठेवून शेतातून थोडे थोडे कट्टे बाहेर आणावेत व पूर्ण भार कडेच्या पक्क्या जागी चढवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वेळ जातो खरा.

परदेशात मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून प्रवास करतात, त्यालाही हाच नियम लागू आहे. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी; शक्य तर प्रत्येक आसाचे वजन वेगळे घ्यावे, कारण सामान क्वचितच समान विभागलेले असते. अधिक भार असलेल्या चाकाचा आकडा घेऊन टायर बनवणाऱ्याच्या भारतक्त्यात त्याला लागणारा दाब पाहावा आणि एका आसाच्या दोन्ही टायरांत तो सारखाच भरावा. तक्ता नसेल व गाडी पुरी भरलेली असेल, तर टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल भाराचा दाब भरावा. चाकाची लोखंडी रिम तेवढ्या दाबाची आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. भार छापलेल्या मर्यादेपलीकडे असेल, तर अधिक हवा भरून तो पेलता येत नाही, कट्टेच उतरवावे लागतात. मोजमाप सकाळी, गाडी हलण्यापूर्वी करावे. जादा चाकही त्याच वेळी तपासावे, कारण तो टायर वर्षभर कोणीच पाहिलेला नसतो.