गाळावरची पाखरं

डिसेंबरातल्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर चढलं की आधी पाणी दिसतच नाही, नुसतं धुकं. कलकलाट मात्र चहूबाजूंनी. उन्हं वर आली की थापट्या बदकं दिसू लागतात. पसरट चोच पाण्याला टेकवायची आणि पुढे सरकत राहायचं, एवढंच त्यांचं काम. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. पाणी निथळून जातं, बारीक जीव आत अडकतात. या कंगव्याला लागतं उथळ, सकस पाणी. आणि निफाड तालुक्यातलं हे उथळ पाणी कोणी ठरवून केलेलं नाही.

गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरला १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला, तो कालव्यांसाठी. दोन्ही नद्या तेव्हापासून गाळ आणून टाकताहेत. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो तोटाच, पाण्याची जागा गाळाने खाल्ली. पण त्याच गाळाची बेटं झाली, पाणकणीस माजलं, पाखरं उतरली. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. भरतपूरही माणसाने बांध घालून अडवलेल्या पाण्यावरच उभं राहिलेलं, त्यामुळे ही उपमा वाटते त्याहून नेमकी आहे. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली.

पावसाळ्यात गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटलं की इथले दरवाजे उघडावे लागतात आणि लोंढा जायकवाडीकडे धावतो. कडेच्या निवांत पाण्यात तेव्हा लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी उबवत बसलेला असतो. बसलेला नर असतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे गेलेली असते. दिवाळीनंतर तलवार बदकं, चक्रवाक येतात. मध्य आशियातून आलेले कांड्या करकोचे आसपासच्या शेतांत दाणे टिपतात. उन्हाळ्यात पाणी हटतं, चिखल उघडा पडतो, शेकाट्यांचे लाल पाय त्यावर फिरू लागतात.

पण पाणी किती आणि कधी हटणार, हे ऋतू एकटा ठरवत नाही. ते कालव्याचं आवर्तन ठरवतं. वनखातं पाखरं राखतं, पाण्याची किल्ली पाटबंधाऱ्याकडे. पाणी एकदम उतरलं तर काठच्या पाणकणसात लपलेलं घरटं कुत्र्यांच्या वाटेवर येतं. फार चढलं तर बुडतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पिण्याचं, शेतीचं, कारखान्यांचं पाणी मोजताना या बंधाऱ्यामागच्या फुगवट्याची किमान पातळीही कागदावर यावी. सरसकट गाळ उपसण्याची मागणी झाली, तर कोणतं बेट राखायचं हेही आधी ठरावं. आणि नाशिकचं सांडपाणी नदीत येत राहिलं, तर जलपर्णी कितीही काढली तरी पुन्हा पसरणारच.

मार्चअखेर थापटे उत्तरेला निघतात. उन्हाळी आवर्तनाची चर्चा गावोगावच्या पारांवर तेव्हाच रंगात आलेली असते.