संस्था कोणाची?

परोपकार ही आपल्याकडे जुनी गोष्ट. परंतु परोपकाराचा हिशेब चारचौघांच्या सभेंत मांडावा, ही कल्पना त्या मानानें नवी आहे. यज्ञयाग तें इष्ट, आणि विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान हें पूर्त, असा विभाग आमच्या शास्त्रकारांनीं केला. पूर्ताचा कर्ता बहुधा एक यजमान. कीर्ति त्याची, पुण्यही त्याचेंच. तथापि सामुदायिक द्रव्याचा विचार त्या काळीं नव्हता असें कोणी समजूं नये. याज्ञवल्क्यस्मृतींत संविद्व्यतिक्रम नांवाचें प्रकरण आहे. समूहाचें द्रव्य लाटणाऱ्याचें किंवा समूहाचा करार मोडणाऱ्याचें सर्वस्व हरण करून त्यास राष्ट्राबाहेर घालवावें, अशी आज्ञा तेथें आहे. वाचकांपैकीं जे विश्वस्त असतील त्यांनीं हें प्रकरण एकदां अवश्य पाहावें!

युरोपांत 'नागरी समाज' म्हणजे राज्यच, असा अर्थ पुष्कळ काळ चालला. कुटुंब व राज्य यांच्या मधला तो निराळा प्रांत होय, हें हेगेलनें १८२१ मध्यें मांडलें; आणि १८३१ त अमेरिकेंत फिरलेल्या टॉकव्हिलला तेथें जो तो मंडळ्या स्थापितांना आढळला.

आमच्या पुण्यांत हा विचार ग्रंथांतून नव्हे, एका तक्रारींतून आला. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीं लोक असंतुष्ट होते. त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी यांनीं तिच्यासाठीं इतके कष्ट केले कीं लोक त्यांस सार्वजनिक काकाच म्हणूं लागले. सभासद होणाऱ्यानें निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा नियम होता. आरंभींच्या ९५ सभासदांमागें सुमारें ६००० सह्या होत्या. आपण कोणाच्या वतीनें बोलतों, याचा पुरावा प्रथम दाखवावयाचा! आज किती संस्थांस हें साधेल? सभासदांत सरदार, सावकार, वकील यांचाच भरणा होता, हेंही खरें. त्याच शहरांत १८७३ मध्यें जोतीराव फुल्यांस सत्यशोधक समाज निराळा काढावा लागला. त्यामागील कारण कबूल करावयास आमच्या वर्गास फार वेळ लागला.

कायद्यापुरतें पाहतां, १८६० च्या संस्था-नोंदणीच्या कायद्यानें सात माणसांस संस्था काढण्याची मुभा दिली. संस्था मोडल्यास उरलेली मालमत्ता सभासदांनीं वांटून घेऊं नये, हें त्यांतील कलम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. १८८४ च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें तर देहच वाहून घेणारे आजीव सभासद निर्माण केले. त्यांनीं बाहेर मिळकत करावी कीं नाहीं, हा १८९० त टिळक बाहेर पडले त्या वादांतील एक मोठा मुद्दा होता. पुढें मुंबईच्या १९५० च्या कायद्यानें विश्वस्तांच्या हिशेबांवर धर्मादाय आयुक्तांची नजर आली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणें भाग पडलें. देणगी आतां धर्म राहिली नाहीं, खात्यावरील रकम झाली.

आमच्या गांवच्या एका वाचनालयाचे हिशेब आम्ही पुष्कळ वर्षें ठेवीत होतों. एका श्रीमंत दात्यानें नवी इमारत देऊं केली. अट एवढीच कीं दारावर नांव, आणि कार्यकारी मंडळांत घराण्यास कायमच्या दोन जागा. ग्रंथपालाच्या पगारास थोडें द्यावें, असें आम्हीं सुचविलें. "पगारावर पाटी कोठें लावणार?" असें उत्तर आलें. सभेस वर्गणीदार बोटांवर मोजण्याइतके जमले व ठराव एकमतानें मंजूर झाला. हात आम्हींही वर केला होता. इमारत सुरेख आहे. ग्रंथपाल मात्र दुसरीकडे गेला, आणि दरवाजा आठवड्यांतून तीनच दिवस उघडतो.

यंदाच्या वार्षिक सभेपुढें त्या दोन जागा रद्द करण्याचा ठराव आम्हीं ठेविला आहे. संध्याकाळीं घरोघर हिंडून सह्या गोळा करणें चालू आहे. आजवर एकतीस झाल्या.