हूपिंग क्रेन वाचला, पण पिल्लांना वाढवायचं कोणी?

पक्षी वाचवायचा म्हणजे अंडी उबवली की झालं, असं आम्हाला वाटायचं. हूपिंग क्रेनची गोष्ट वाचली आणि तो समज गेला.

हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच पक्षी, जवळजवळ पाच फूट, पांढराशुभ्र. आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये दिसणारा सारस त्याचाच नातलग. शिकार झाली, शेतीसाठी दलदली आटवल्या गेल्या आणि 1941 च्या सुमारास निसर्गात 25 पक्षीसुद्धा उरले नाहीत. हिवाळ्यात ते टेक्सासच्या किनाऱ्यावर येत, पण अंडी कुठं घालतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं! 1954 मध्ये कॅनडातल्या वूड बफेलो नॅशनल पार्कमध्ये, वणव्याच्या कामावरच्या हेलिकॉप्टरमधून ते दिसले, तेव्हा कुठं पत्ता लागला.

मादी साधारण दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिल्लू जगतं. म्हणून 1967 पासून दुसरं अंडं उचलून उबवायला सुरुवात झाली. युक्ती छान होती, घोडं अडलं पुढं.

1975 मध्ये आयडाहो राज्यात ही अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या घरट्यांत ठेवली. त्यांनी पिल्लं पोटच्या पोरांसारखी वाढवली, स्थलांतरही शिकवलं. पण जो सांभाळतो तोच आपला, ही पिल्लाची समजूत लहानपणीच पक्की होते. मोठी झाल्यावर त्यांना स्वतःच्या जातीचा जोडीदार ओळखूच येईना. हूपिंग क्रेनची एकही जोडी जमली नाही.

टेक्स नावाची मादी तर माणसांनी वाढवलेली, ती माणसालाच जोडीदार समजायची. तिनं अंडं घालावं म्हणून जॉर्ज आर्चिबाल्ड हे अभ्यासक तिच्यासमोर हात पसरून कित्येक दिवस नाचत राहिले. (हसू येतं खरं, पण माणसाची जिद्द बघा.) कृत्रिम रेतनाच्या मदतीनं 1982 मध्ये अखेर एक पिल्लू निघालं.

पुढं सांभाळणारी माणसं पांढरा झगा घालू लागली. हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली, तोंडातून शब्द नाही. 2001 मध्ये याच वेशातले वैमानिक छोट्या विमानांतून पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला घेऊन गेले, आणि वसंतात पक्षी आपले आपण परतले! तरी त्या थव्याच्या घरट्यांत पिल्लं फारशी जगली नाहीत. 2016 मध्ये विमानं थांबली. आता पिल्लं शक्यतो पक्ष्यांकडूनच वाढवून घेण्यावर भर आहे.

जुना थवा मात्र आजही आईबापांमागून कॅनडा ते टेक्सास असा सुमारे 4,000 किलोमीटरचा प्रवास करतो. तो आता 500 च्या पुढं गेला आहे.