लव्हाळा : शेतातील वैरी, काठावरील राखणदार

दिवाळीच्या उटण्यात आपण जो सुवासिक नागरमोथा घालतो तो बहुधा लव्हाळ्याच्याच मुळाशी असलेली गाठ असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आयुर्वेदात हिला मुस्ता म्हणतात, युनानी हकीम सअद कूफी म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात हिचे नाव सायपेरस रोटंडस असे आहे.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. खात्री करायची तर दांडा बोटांत फिरवून पाहावा. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ आणि पेरांचा असतो. लव्हाळ्याचा तिधारी, भरीव आणि बिनपेरांचा. पानेही तीन रांगांत निघतात. तांबूस तुऱ्यातील फुलांना पाकळ्या नसतात, कारण त्यांना भुंग्यांना बोलवायचे नसते. परागाची ने-आण वारा करतो.

मात्र बी क्वचितच रुजते. याचा खरा संसार जमिनीखाली आहे. बारीक आडव्या खोडांनी जोडलेल्या गाठींची माळच तेथे असते. माळेच्या टोकाची गाठ फुटते व बाकीच्यांना निजवून ठेवते. माळ तुटली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. आमच्या शाळेच्या बागेत मी एकदा मुलांकडून लव्हाळ्याचा वाफा कुदळीने खणून घेतला, आणि काही आठवड्यांतच तेथे पूर्वीपेक्षा दाट लव्हाळा उभा राहिला. शिकवणाऱ्यालाच धडा मिळाला! जगातील तणांवरील 1977 सालच्या प्रसिद्ध ग्रंथात याला पहिले स्थान मिळाले ते उगीच नव्हे. उपाय एवढाच की, भर उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात वाळू द्याव्यात व मग दाट सावलीचे पीक घ्यावे. याला ऊन लागते, सावली सोसत नाही.

परंतु पाण्याच्या काठी हेच गुण उपकारक ठरतात. गाठींचे जाळे माती धरून ठेवते. लोंढा आला की अरुंद पाती व लवचिक दांडे आडवे होतात, आणि पाणी ओसरल्यावर गाठीतील साठ्यावर नवे कोंब फुटतात. नम्रतेच्या दृष्टान्तासाठी तुकाराममहाराजांनी लव्हाळ्याची निवड केली ती किती डोळसपणे, हे यावरून कळते. उभ्या पाण्यात राहणाऱ्या याच्या भाऊबंदांचे दांडे आत भेंडासारखे असतात; त्यांतील हवेच्या कप्प्यांतून प्राणवायू चिखलातील मुळांपर्यंत पोचतो.

या गाठींवर पाखरेही जगतात. भरतपूरच्या पाणथळीत सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच चिखलात चोच खुपसून याच कुळातील गाठी उकरून खात. 2002 नंतर ते तेथे दिसलेले नाहीत. आपल्या वडोदऱ्याजवळ डभोई तालुक्यात, गायकवाडी काळात बांधलेला वढवाणा तलाव 2021 साली रामसर यादीत आला. तेथे हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत शिरले. तेव्हापासून नदीकाठ साफ करण्याची भाषा सर्वांच्या तोंडी आहे. गाळ आणि कचरा अवश्य काढावा. पण काठावरची हिरवी दाटी ओरबाडून उघडी माती मागे ठेवली, तर पुढल्या पावसात तीच माती पात्रात उतरेल. म्हणून काठावर फावडे घेऊन जाणाऱ्याने आधी एक दांडा बोटांत फिरवून पाहावा. तिधारी लागला, तर तो तेथेच राहू द्यावा.