आभासी चलन : दोन देश, दोन हिशेब

धुळें जिल्ह्यांतील सोनगिरास तांबटाच्या दुकानीं गिऱ्हाईक हंडा बोटानें वाजवून पाहतें, तराजूंत घालतें आणि मगच पैसे मोजतें. बिटकॉइन वाजत नाहीं व त्यास वजनही नाहीं. संगणकांच्या जाळ्यांत राखलेली ती केवळ एक नोंद होय. तथापि तिची खरेदीविक्री होते, आणि नफ्यांत सरकार वाटा मागतें. तो किती, हें देशावर अवलंबून आहे.

समजा, सोनगीरच्या एका घरांतील थोरला मुलगा पुण्यास नोकरीस आहे व धाकटा जर्मनींत. दोघांनींही 5 लाख रुपयांचें बिटकॉइन घेतलें आणि सहा महिन्यांनीं 8 लाखांस विकलें. त्याच वर्षीं दुसऱ्या एका आभासी चलनांत दोघांसही 3 लाखांची खोट आली. घरगुती हिशेबानें हातीं कांहींच उरलें नाहीं.

थोरल्यास मात्र कर चुकत नाहीं. भारतांत 2022 सालीं अशा नफ्यावर 30 टक्के कर बसला. एका चलनांतील खोट दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा होत नाहीं व पुढील वर्षींही ओढतां येत नाहीं. 90 हजार कर व त्यावर 4 टक्के उपकर मिळून 93,600 रुपये होतात. विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस आधींच कापला जातो. तो करांत वळता होतो, एवढेंच समाधान. शेअरांच्या बाबतींत खोट मांडण्याची सोय आहे. येथें वागणूक लॉटरीच्या बक्षिसासारखी!

जर्मन कायद्यानें बिटकॉइनास खाजगी मालमत्तेच्या जुन्याच कलमांत बसविलें आहे. वर्षाहून अधिक काळ बाळगून विकल्यास नफ्यावर कर नाहीं. वर्षाच्या आंत विकल्यास नेहमींच्या उत्पन्नाप्रमाणें कर पडतो. परंतु त्या वर्षींची तशीच खोट वजा होते. म्हणून धाकट्यास कांहींच द्यावें लागत नाहीं.

नियंत्रणांतही असाच फरक. जर्मनींत लोकांचीं चलनें सांभाळणाऱ्या पेढ्यांस 2020 पासून सरकारी परवाना लागतो. भारतांत रिझर्व्ह बँकेनें 2018 सालीं बँकांस या व्यवहारांची सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें ती 4 मार्च 2020 रोजीं रद्द ठरविली. 2022 सालीं कर आला, तेव्हां स्वतंत्र नियामक कायदा झालेला नव्हता. 2023 च्या मार्चांत या पेढ्या काळ्या पैशाच्या प्रतिबंधक कायद्याखालीं आल्या. पण कर भरल्यानें बँकेंतील ठेवीसारखें विम्याचें संरक्षण लाभत नाहीं.

धाकट्याजवळ आणखी कांहीं बिटकॉइन असेल व तो कायमचा परत येऊन येथील पूर्ण रहिवासी ठरला, तर पुढील विक्रीस येथील 30 टक्केच लागू होतात. जर्मनींत वर्षभर बाळगल्याची सवलत सामानाबरोबर येत नाहीं. तेव्हां विक्री निघण्यापूर्वीं करावी कीं नंतर, हें त्या घरीं विमानाच्या तिकिटाआधीं ठरवावें लागेल.